पपई-दुधाची स्मूदी तासा-दोन तासांत कडू होते: कारणं आणि उपाय

तक्रार दर वेळी जवळपास तीच असते. सकाळी सातला पपई, दूध आणि थोडा मध मिक्सरला फिरवला. घरात ज्यांनी लगेच प्यायली त्यांना आवडली. उरलेली बाटलीत भरून ऑफिसला नेली, तर दहा वाजता पहिल्याच घोटाला जिभेच्या मागच्या बाजूला कडू. मग संशय सगळ्यांवर फिरतो. दूध जुनं होतं का, पपई कृत्रिम पिकवलेली होती का, भांड्याला साबण राहिला होता का. दुसऱ्या दिवशी दूध बदललं जातं, तिसऱ्या दिवशी फळवाला. कडूपणा काही जात नाही.

दूधही बहुतेक वेळा चांगलंच असतं आणि पपईही. बिनसतं ते दोघं एकत्र बसून राहिल्यामुळे.

पपईत पपेन नावाचं एन्झाइम असतं आणि प्रथिनं तोडणं हेच त्याचं काम. मटण लवकर मऊ व्हावं म्हणून कच्च्या पपईचा तुकडा वाटून चोळतात, तो त्यासाठीच. दुधातलं मुख्य प्रथिन म्हणजे केसीन. पपेन त्याचे बारीक तुकडे पाडत जातं आणि त्यातले काही तुकडे चवीला चक्क कडू असतात. म्हणजे हा कडूपणा बाटलीतच तयार होतो. जितका जास्त वेळ आणि जितकी जास्त ऊब, तितका तो जास्त. थंडीच्या दिवसांत दहापर्यंत तग धरणारी स्मूदी मे महिन्यात लोकलमध्येच कडू होऊन जाते. पपई अर्धीकच्ची असेल तर पपेनही जास्त असतं, त्यामुळे ‘आज जरा कडक निघाली, पण मिक्सरमध्ये चालेल’ म्हणून घातलेली पपई हमखास दगा देते.

हाच उद्योग आणखी तीन फळं करतात. अननसात ब्रोमेलेन, किवीत ॲक्टिनिडिन आणि ताज्या अंजिरात फिसिन. पुरंदरच्या अंजिराच्या देठाशी पांढरा चीक दिसतो ना, फिसिनचा साठा तिथेच असतो. म्हणून देठाकडचा भाग जरा सढळ हाताने कापून टाकावा आणि पूर्ण पिकलेलंच फळ घ्यावं. केळं, आंबा, चिकू, सफरचंद यांचा दुधाशी असा काही झगडा नाही, म्हणून शिकरण आणि मँगो मिल्कशेक यांच्याबद्दल ही तक्रार कुणी करत नाही.

खात्री करून घ्यायची असेल तर दोन ग्लास घ्या. एकात पपईचा गर आणि पाणी, दुसऱ्यात तोच गर आणि दूध. ढवळून ओट्यावर तासभर ठेवा आणि मग चव बघा. पाण्याचा ग्लास गोडच राहील. दुधाच्या ग्लासात आधी काचेला आतून बारीक कणी चिकटलेली दिसेल, मग खाली पाणी सुटायला लागेल आणि चव बदललेली असेल. दोन्ही ग्लास कडू निघाले तर मात्र दोष दुसरीकडे आहे; तो पुढे बघू.

यावर लोक जे उपाय करतात त्यातले बरेच फुकट जातात. साखर किंवा मध वाढवून कडूपणा झाकला जात नाही, स्मूदी गोड-कडू होते एवढंच. दूध उकळून गार करून घेतलं तरी केसीन तिथेच असतं. फळाच्या फोडी फ्रीझरमध्ये ठेवल्या तरी एन्झाइम मरत नाही, नुसतं सुस्तावतं. फोडी वितळल्या की पुन्हा कामाला लागतं. दुधाऐवजी दही घालून बघतात, पण दह्यातही तेच प्रथिन. दह्याच्या आंबटपणामुळे कडूपणा थोडा उशिरा कळतो, टळत नाही.

चालतात ते उपाय असे.

लगेच पिणार असाल तर काहीच करू नका. पपई आणि दूध फिरवा, ओता, प्या. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत चवीत फरक जाणवत नाही.

डब्याला न्यायची असेल तर त्या बाटलीतून दूध काढून टाका. पपईला संत्र्याचा रस किंवा नारळपाणी छान लागतं, वर लिंबाचे चार थेंब. ‘मग प्रोटीनचं काय?’ हा प्रश्न येतोच. प्रथिनं त्याच बाटलीतून पोटात गेली पाहिजेत असा नियम नाही. सोबत मूठभर फुटाणे खा. माझं मत विचाराल तर सगळं पोषण एकाच ग्लासात कोंबायच्या हट्टामुळेच निम्म्या स्मूद्या बिघडतात.

अननसाला गरम करणं हा खरा इलाज आहे. ब्रोमेलेन उष्णतेपुढे टिकत नाही. बारीक फोडी करून छोट्या पातेल्यात त्यांच्याच रसात चार-पाच मिनिटं झाकण ठेवून चांगल्या वाफवा, फोड आतपर्यंत गरम झाली पाहिजे. गार करा, डब्यात भरून फ्रीझरमध्ये टाका आणि हवं तेव्हा दुधात किंवा दह्यात घाला. अननसाचा शिरा कडू होत नाही आणि दुकानातला डबाबंद अननस फ्रूट सॅलडमध्ये निमूट राहतो, तो याच कारणाने: दोन्ही शिजलेले असतात. शिजवायचा कंटाळा असेल तर अननसाला नारळाचं दूध घ्या. त्यात प्रथिन इतकं थोडं असतं की कडूपणा जाणवत नाही.

पपई मात्र शिजवू नका. कडूपणा जाईल, पण चव भोपळ्याच्या वळणाला जाते.

आणि इथे एक उलटा गडी आहे, सीताफळ. ते गार दुधात गुण्यागोविंदाने राहतं, पण त्याचा गर तापवला की कडवट होतो. सीताफळ बासुंदी करणाऱ्या बायका दूध पूर्ण गार झाल्यावरच गर घालतात, तो काही नुसता रिवाज नाही. स्मूदीतही तेच: कोमट दूध नको, गरम ओट्स नकोत. बियांसकट गर मिक्सरला लावायचा तर विचारही करू नका. पुरणाच्या चाळणीवर हाताने घोळून गर काढा. सीताफळाच्या बीचा आतला भाग पोटाला आणि डोळ्याला त्रासदायक आहे, तो वाटला जाता कामा नये.

दूध नाही तरीही कडू

बाटलीत दूध-दही नसताना कडूपणा येत असेल तर पहिला संशयित म्हणजे संत्रं किंवा मोसंबी. मोसंबीचा रस ताजा असताना गोड आणि थोड्या वेळाने कडू लागतो, हे रसाच्या गाडीवर उभं राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. फोडीवरचं पांढरं साल, आतले दोरे आणि बिया यांत एक पदार्थ असतो. तो स्वतः कडू नसतो, पण चिरडला जाऊन आंबट रसात मिसळला की हळूहळू त्याचं लिमोनिन होतं आणि ते फार कडू. मिक्सर नेमका हाच चिरडण्याचा उद्योग करतो. म्हणून स्मूदीत संत्रं घालायचं तर फोडी सोलून, बिया काढून, फक्त आतला केशरी गर घ्यायचा; एवढा धीर नसेल तर हाताच्या यंत्रावर रस काढा आणि तो मिक्सरमध्ये ओता. नागपुरी संत्र्याचं साल सैल असतं, त्यामुळे हे काम तितकंसं किचकट नाही. संत्र्याच्या फोडी फ्रीझरमध्ये साठवायच्या फंदात पडू नका, गोठून फुटलेल्या फोडींत कडूपणा वाढतो.

डाळिंबाचं दुखणं वेगळं. त्याचे दाणे दोन मिनिटं गरगर फिरवले की आतलं पांढरं बी वाटलं जातं आणि रस तुरट होतो. दोन-तीन झटके द्या, रस सुटला की गाळा, बस. पपईच्या चार-दोन बिया चुकून गेल्या तर कडूपेक्षा तिखट, मिरीसारखी झणक येते. पूर्ण न पिकलेल्या चिकूची स्मूदी जिभेला ओढून धरते. तिथे साखर काही करू शकत नाही, चिकू दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवणं हाच उपाय.

पौष्टिक म्हणून वरून घातलेल्या गोष्टीही तपासा. जवस दळून महिनाभर बरणीत ठेवलं असेल तर त्यातलं तेल खवट झालेलं असू शकतं. जवस अख्खं ठेवावं, भाजावं आणि लागेल तेवढंच कुटावं. अक्रोडही तसाच. शेंगदाण्याची सालं काढूनच घाला.

आता एक अपवाद, आणि तो गंमतीत घेऊ नका. हिरव्या स्मूदीच्या नादात दुधी भोपळा किंवा काकडी कच्ची घातली असेल आणि चव कडू लागली, तर ती स्मूदी ओतून द्या. थोडी प्यायली असेल तर तिथेच थांबा. या वेलवर्गीय भाज्यांत कधीकधी कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं वाढलेली असतात आणि कडूपणा हीच त्यांची एकमेव खूण. दुधीच्या कडू रसाने आपल्या देशात माणसं दगावली आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञांनीही कडू दुधीचा रस अजिबात पिऊ नये असंच सांगितलं आहे. शिजवून किंवा लिंबू पिळून तो कडूपणा जात नाही. प्यायल्यावर उलट्या, पोटात कळा किंवा जुलाब सुरू झाले तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. सवय अशी लावून घ्या की दुधी किंवा काकडी मिक्सरमध्ये टाकण्याआधी एक छोटी चकती जिभेला लावून बघायची. पपईचा कडूपणा नुसता बेचव असतो, हा जिवावरचा असू शकतो.

दूध फाटतं, पण कडू होत नाही

हा एन्झाइमचा खेळ नाही, आंबटपणाचा आहे. दुधाचा सामू (pH; तो जितका कमी तितका आंबटपणा जास्त) साडेसहाच्या थोडा वर असतो; तो घसरत ४.६ च्या आसपास आला की केसीन गोळा होतं. स्ट्रॉबेरी, आंबट द्राक्षं, संत्रं, कैरी हे सहज घडवून आणतात. अशी स्मूदी ताजी असेल तर पिण्यात धोका काही नाही, फक्त ती दिसते वाईट आणि तोंडात रवाळ लागते. उपाय सरळ आहे: आंबट फळाला दूध देऊच नका, दही द्या. दही आधीच जमलेलं असतं, त्याला आणखी काय फाटायचंय? महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणि गोडसर, घट्ट दही ही जोडी दुधापेक्षा कितीतरी सरस लागते.

दूध-फळ विरुद्ध आहार की नाही, हा वाद मी इथे काढत नाही. ज्यांच्या घरी ते चालत नाही त्यांना नारळाचं दूध आणि शेंगदाण्याचं दूध हे दोन्ही रस्ते मोकळे आहेत.

वर फेस आणि चोथा, खाली पाणी

अर्ध्या तासात बाटलीत तीन थर झालेले दिसतात. मिक्सर जोरात फिरताना हवा आत ओढली जाते, तिचे बुडबुडे गराच्या तंतूंना चिकटून त्यांना वर नेतात आणि उरलेलं पाणी तळाशी बसतं. कलिंगड, संत्रं, सफरचंद यांत हे फार होतं, कारण धरून ठेवणारं काही नसतं. बर्फ घातला असेल तर तो वितळून आणखी पाणी सोडतो.

बर्फ बंद करा. त्याऐवजी केळं गोठवून ठेवा. सालीवर काळे ठिपके आलेली केळी सोलून, चकत्या करून ताटलीत एकमेकींना न चिकटता पसरा, कडक झाल्या की डब्यात भरा. सालीसकट केळं फ्रीझरमध्ये टाकलं तर सकाळी ते सोलताना बोटं बधिर होतात आणि निम्मा गर सालीलाच राहतो. गोठलेल्या चकत्या थंडावाही देतात आणि दाटपणाही. गोठवलेल्या हापूसच्या फोडींनीही हेच साधतं, फक्त मे महिन्यात घरच्यांच्या नजरेतून त्या वाचवता आल्या पाहिजेत.

केळं आवडत नसेल तर राजगिऱ्याच्या लाह्या घाला, ग्लासामागे एक मूठ. लाह्या पाणी धरतात, चवीत ढवळाढवळ करत नाहीत आणि वाटायला मिनिटभरही लागत नाही. भिजवलेले ओट्स चालतात, पण ते न भिजवता घातले तर घशाला पिठूळ लागतात. भिजवलेला सब्जा मिक्सर बंद केल्यावर चमच्याने मिसळायचा, वाटायचा नाही. जवसाची पूड दाटपणा देते खरी, पण ती थांबत नाही. तासाभराने बाटलीतून बाहेरच येत नाही इतकं घट्ट होतं. जवस घातलं तर पातळच ठेवा.

शेवटची पाच-दहा सेकंदं मिक्सर कमी वेगावर चालवला की फेस थोडा बसतो. बाटली गळ्यापर्यंत भरा, अर्धी भरलेली बाटली पिशवीत हिंदकळून पुन्हा फेसाळते. आणि दूध-दह्याची स्मूदी दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नका, कडक उन्हाळ्यात तर तासाभराच्या वर नको.

मिक्सर घरघरतो, फळ जागचं हलत नाही

पातं फिरतंय, आवाज बारीक होत चाललाय आणि वरचा गोळा ढिम्म. पात्याभोवती हवेचा पोकळ खड्डा झालेला असतो, त्याला धरायला काही मिळतच नाही. वेग वाढवून उपयोग नाही, मोटर तेवढी तापते. बंद करा, झाकण काढून चमच्याने गोळा खाली दाबा, दोन चमचे दूध घाला आणि सलग न फिरवता झटके द्या.

मुळात क्रम चुकलेला असतो. आधी पातळ पदार्थ, मग मऊ फळ, मग लाह्या-दाणे आणि सगळ्यात वर गोठवलेल्या फोडी. गोठवलेल्या फोडी पाच मिनिटं बाहेर ठेवल्या तर ५०० वॅटचा साधा मिक्सरही तक्रार करत नाही. ज्या छोट्या मिक्सरचा पेला भरून उलटा बसवतात, तिथे हाच क्रम उलटा. आणखी एक: एका ग्लासासाठी ज्यूसचं मोठं भांडं काढू नका. पातं बुडण्याएवढाही ऐवज त्यात होत नाही, सगळं भिंतींवर उडून बसतं. ओल्या चटणीचं छोटं किंवा मधलं भांडं घ्या, दोन तृतीयांशाच्या वर भरू नका.

मिक्सर मध्येच बंद पडला तर तो जळाला असं समजून दुकान गाठण्याआधी प्लग काढा, मिक्सर उलटा करून बुडाशी छोटं, बहुधा लाल बटण दिसतं का बघा. जास्त भार आल्यावर ते आपोआप बाहेर येतं. दहा-पंधरा मिनिटं गार होऊ द्या, बटण दाबा, पुन्हा चालू होतो.

रंग काळवंडतो

केळं आणि सफरचंद कापल्यावर हवेने तपकिरी होतात. एका ग्लासाला अर्धा चमचा लिंबाचा रस पुरतो. दुधाच्या स्मूदीत तो घालता येत नाही, तिथे दही घ्या. रंगाने चव बिघडत नाही, त्यामुळे मी याच्या फार मागे लागत नाही. मात्र अमेरिकेत डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं की केळं काळं करणारं हेच एन्झाइम सोबतच्या पदार्थांतली फ्लॅव्हनॉल नावाची उपयोगी द्रव्यं मोठ्या प्रमाणावर निकामी करतं. तेव्हा द्राक्षं, बेरी किंवा कोको मुद्दाम त्या कारणाने घालत असाल तर त्यांच्या जोडीला केळं नको, दही आणि लाह्या बऱ्या. रोजच्या केळं-खजुराच्या स्मूदीला याची काळजी करण्याचं कारण नाही.

सगळं नीट, तरी अकराला भूक

ग्लासात तीन फळं आणि मध असेल तर ती साखरच झाली. फळ एकच ठेवा आणि दोन चमचे भाजलेले, सोललेले शेंगदाणे घाला. डब्याला नेण्यासाठी माझी ठरलेली जुळणी अशी: गोठवलेलं एक केळं, दोन खजूर (बी काढलेत ना, हे बोटांनी चाचपून), दोन चमचे शेंगदाणे, मूठभर राजगिऱ्याच्या लाह्या आणि फ्रीजमधलं पाऊण कप दूध. कडू व्हायला यात काही नाही आणि लाह्यांमुळे पाणीही सुटत नाही. दूध आहे, म्हणून वरची दोन तासांची मर्यादा मात्र इथेही पाळायची. नाचणी आवडत असेल तर लाह्यांऐवजी शिजवून गार केलेलं नाचणी सत्त्व दोन चमचे. कच्चं पीठ नको.

हे सगळं करूनही दर वेळी एक आंबूस, जुनाट वास येत असेल आणि तो कुठलंही फळ घातलं तरी येत असेल, तर मिक्सरच्या झाकणातली रबराची रिंग सुरीच्या टोकाने काढून बघा. तिच्या खाली आठवड्याभराचा आंबा, दूध आणि कधीकधी लसणाची चटणीसुद्धा सापडते. गरम पाण्यात थोडा सोडा घालून रिंग तासभर बुडवा, घासा, पूर्ण वाळवूनच परत बसवा. सैल पडली असेल तर भांड्यांच्या किंवा मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात सुटी मिळते. जुनी सोबत न्या, म्हणजे माप चुकत नाही.